आईची वही आणि माझं ॲप

सुरतेतल्या बऱ्याच मराठी घरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल, तरी लिहितोय.

आमचं घर पर्वत पाटियाला. वडील नंदुरबारकडून भुसावळ पॅसेंजरने आले ते लूम चालवायला. मी कापड मार्केटच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ग्रे किती आला, मिलला किती ताके गेले, दलाली, वटाव, जॉबवर्क, सगळं त्यात. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, त्या महिन्यात व्यापाऱ्यांचा संप होता, मार्केट बंद. आणि आम्ही मात्र रात्र रात्र जागून बिलांचे फॉर्मॅट बदलत होतो. पैशापैशाचा हिशेब जुळलाच पाहिजे, अशी आमची शिस्त.

घरी आई साड्यांना खडे चिकटवायची. एका साडीचे 8 रुपये, दिवसाला 20 साड्या. हिशेब माझ्या शाळेच्या उरलेल्या वहीत.

रात्री जेवण झालं की मी माझे स्वतःचे उद्योग करतो. एकदा आईसाठी छोटंसं ॲप केलं. मोठी मराठी बटणं: ‘आणल्या’, ‘दिल्या’, ‘मिळाले’. आई म्हणाली, “माले काय समजस त्यामा?” पण आठ दिवसांत शिकली. मग शेजारच्या दोन मावश्याही आल्या.

बारा आठवड्यांनी बेरीज दाखवली. आठवड्याचे 960 होत होते, हातात 900 येत होते. “सुट्टे नाहीत” म्हणून वरचे 60 दर शनिवारी राहून जायचे. एकूण 720 रुपये. म्हणजे 90 साड्या. साडेचार दिवस मान खाली घालून केलेलं काम.

मी चिडलो. आणि मग आठवलं, एका पार्टीसाठी जॉबवर्कच्या पेमेंटमध्ये ‘खालच्या शेकड्याला राउंड ऑफ’ ही ओळ मीच लिहिली होती. सांगितलं तसं केलं, विचार केला नव्हता. तिकडेही कुणाची तरी आईच बसली असणार.

याच सुरतेत वाढलेल्या इलाबेन भट्टांनी 1972 साली अहमदाबादेत ‘सेवा’ काढली, ती अशाच बायकांसाठी. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी 1996 साली आंतरराष्ट्रीय करारही झाला. आईच्या कानावर यातलं काहीच आलं नव्हतं. तिच्याकडे फक्त ती बेरीज होती.

पुढच्या शनिवारी तिने ठेकेदारापुढे मोबाईल धरला. तो काही बोलला नाही. चार दिवस मालच आला नाही. मावश्या माझ्यावर नाराज, मीही गप्प. पाचव्या दिवशी गठ्ठा आला. तेव्हापासून उरलेले पैसे पुढच्या शनिवारच्या हिशेबात धरतात. मागचे 720 मात्र गेले ते गेलेच.

ऑफिसात मी सरांना विचारून ती ओळ बदलली: उरलेली रक्कम पुढच्या पेमेंटमध्ये जमा. सर म्हणाले, “पार्टी नको म्हणाली तर परत काढावी लागेल.” अजून तरी कुणी काढायला सांगितलेली नाही.

आई ॲप वापरते. वहीही लिहिते. म्हणते, “मोबाईल बंद पडला तर?”

तुमच्याही घरात अशी वही असेल. एकदा तिची बेरीज करून बघा.