ओवी आणि प्रोसेसर

जावई आणि प्रोसेसर निवडताना घरातला प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. पोफळीच्या आमच्या घरी आईला जात्यापाशी बसवून तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या, एवढाच बेत होता. चिरंजीवांनी मात्र सर्वांत महागडा प्रोसेसर हेरून ठेवला.

मी हिशेब मांडला. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. १२८ नमुन्यांची ओंजळ भरायला जेमतेम ३ मिलिसेकंद; तेवढ्यात आधीची ओंजळ प्रोसेसरने रिती करायला हवी, नाहीतर आवाज तडतडतो. ओंजळ मोठी केली, तर गाणाऱ्याच्या कानी स्वतःचाच सूर उशिरा येतो. म्हणून अशा कामी कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग मोलाचा. पन्नास वाद्ये एकावर एक चढवायची, तर दांडगा प्रोसेसर हवाच. एका गळ्याला मध्यम पुरतो. शिवाय दांडगा तापतो, आणि त्याचा पंखा ओवीत नाक खुपसतो.

कोयनेची जनित्रे आमच्याच गावी डोंगराच्या पोटात फिरतात. ओवीला तेवढी शक्ती लागत नाही. आईचे वय ब्याऐंशी, आणि तिच्या कित्येक ओव्या कुठल्याच वहीत उतरलेल्या नाहीत. तेव्हा मध्यम प्रोसेसर घेतला, आणि वाचलेल्या पैशांत चांगला मायक्रोफोन. चिरंजीवांना एवढेच सांगितले, "जात्याची घरघर हवी, पंख्याची नको."