विश्वास आणि विश्वस्त

मध्य प्रदेशात दर मंगळवारी जिल्हा मुख्यालयी जनसुनवाई भरते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी जिल्हाधिकारी असताना अशाच एका मंगळवारी एक वृद्ध गृहस्थ आपल्या चाळिशीतल्या मुलाचा हात धरून माझ्यासमोर उभे राहिले. मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. अशा प्रौढ व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे काम १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे सोपवले आहे. गृहस्थांनी पुतण्याचे नाव सुचवले होते व ते मान्य झाले होते. पालकाने सहा महिन्यांत स्थावर मालमत्तेची यादी द्यावी, दरवर्षी हिशोब सादर करावा, हे मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “साहब, देखभाल तो वो करेगा, पर मेरे बाद मकान किसके नाम रहेगा?”

वकिलाचा सल्ला घ्या, असे सांगून मी पुढचा अर्ज हाती घेतला. उत्तर नियमाला धरून होते. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तोच प्रश्न माझ्या घरी तीस वर्षे अनुत्तरित पडून होता.

माझी धाकटी बहीण जन्मापासून तशीच आहे. वडील इंदूरला शिक्षक होते. स्वकष्टार्जित पैशातून बांधलेले घर त्यांनी मृत्युपत्राने माझ्या नावे केले. त्यात बहिणीचा उल्लेखही नव्हता. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की तशी गरज त्यांना भासली नसावी. आता त्याचा कायदेशीर अर्थ पाहा. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता मी गेलो तर माझी मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे, म्हणजे पत्नी व मुलाकडे जाणार. बहीण वर्ग दोनमध्ये येते. वर्ग एकचा एकही वारस हयात असेपर्यंत तिला काही मिळत नाही. वडिलांच्या विश्वासाची मुदत माझ्या हयातीपुरतीच होती.

हे कळूनही त्या मंगळवारनंतर मी तब्बल बारा वर्षे काहीच केले नाही. इतरांच्या प्रलंबित प्रकरणांवर कडक शेरे मारणाऱ्या माणसाची ही कबुली आहे. निवृत्तीनंतर हृदयविकाराने पंधरा दिवस रुग्णालयात काढले, तेव्हा कुठे हात हलला.

घर बहिणीच्या नावे करून देणे सोपे होते. पण ते सांभाळण्याची, वा कुणी फसवल्यास ओळखण्याची तिची क्षमता नाही. मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतरच लागू होणार. मी अंथरुणाला खिळलो तर मधल्या काळाचे काय? म्हणून कौटुंबिक खाजगी न्यास करण्याचे ठरवले. ट्रस्ट म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आठवते. पण त्याचा संबंध सार्वजनिक न्यासांशी. खाजगी न्यासाला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. हयातीत स्थावर मालमत्ता न्यासात द्यायची तर नोंदणीकृत दस्त लागतो आणि त्या त्या राज्याच्या दराने मुद्रांक शुल्क भरावे लागते. लाभार्थी व तिचा हिस्सा दस्तातच निश्चित केला, कारण हिस्से अनिश्चित ठेवल्यास न्यासाच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे कमाल दराने आयकर लागतो.

घर व काही ठेवी बहिणीच्या हयातीपर्यंत तिच्यासाठी, आणि त्यानंतर मुलाकडे, अशी योजना ठरली. पत्नीने एवढेच विचारले, “मुलाला हे तुम्ही सांगणार की कागदावरून कळणार?” त्याच रात्री मी मुलाला फोन केला.

खरी अडचण विश्वस्तांची होती. विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा लाभ करून घेता येत नाही, दस्तात तरतूद नसल्यास मेहनतानाही मिळत नाही, आणि एकदा पद स्वीकारल्यावर ते मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. एवढे ओझे कोणावर टाकायचे? माझ्या चुलतभावाची मुलगी बेंगळुरूला सनदी लेखापाल आहे. तिला विचारले. ती म्हणाली, “काका, आत्याचं सगळं मी बघेन. पण माझा हिशोब दरवर्षी दुसरं कुणी तरी तपासणार असेल तरच.”

क्षणभर मला वाईट वाटले. घरच्या मुलीचा हिशोब तपासायचा? मग लक्षात आले की मी आयुष्यभर नेमका याच्या उलट बाजूने हा अनुभव घेतला होता. मध्य प्रदेशात जिल्हाधिकारी हाच सार्वजनिक न्यासांचा निबंधक असतो. देवस्थानांच्या कितीतरी फायलींत मी पाहिले होते की पहिल्या पिढीतले विश्वस्त बहुधा सज्जन असतात. त्यांच्या सज्जनपणामुळेच हिशोब मागण्याची प्रथा पडत नाही, आणि पुढच्या पिढीला मालमत्ता स्वतःचीच वाटू लागते. पुतणीने मागितलेली तपासणी तिच्या स्वतःच्या संरक्षणासाठीही होती. दस्तात त्याप्रमाणे कलम घातले: तीन विश्वस्त, बाहेरच्या लेखापालाकडून वार्षिक तपासणी, आणि अहवालाची प्रत माझ्या मुलालाही.

एक गोष्ट मात्र दस्तात बसेना. मेघगर्जना झाली की बहिणीला खोलीत दिवा लागतो. गुरुवारी पेढा लागतो. अनोळखी माणसाने हात धरलेला तिला खपत नाही. हे सारे वेगळ्या पत्रात लिहून विश्वस्तांना दिले. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण तिचे सुख त्यातच आहे.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांच्या कुटुंबात असे कुणी असेल, त्यांना एवढेच सांगेन की न्यास पैशाची व घराची व्यवस्था लावतो. व्यक्तीच्या पालकत्वाची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते. दोन्ही कामे प्रकृती ठीक असतानाच उरकावीत.

नोंदणीच्या दिवशी बहिणीची सही लागणार नव्हती, तरीही तिला बरोबर नेले. बाहेर आल्यावर तिने विचारले, “दादा, म्हणजे मी आपल्याच घरात राहायचं ना?”

“हो, कायमचं.”

“मग चल ना आता घरी,” ती म्हणाली. “भूक लागली.”