जोतिबाच्या डोंगराभोवती, पायी पायी

जोतिबाला तुम्ही गेला नाहीत असं होणारच नाही. लग्न झाल्यावर जोडीनं, मग पोराच्या जावळाला, मग कधी सासूबाईंना घेऊन चैत्राच्या यात्रेला. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, त्या डोंगराकडे तुम्ही कधी नीट पाहिलंत का? एसटी थेट वर जाते. आपण उतरतो, नारळ-दवणा घेतो, रांगेत उभ्या राहतो. दर्शन होतं, कपाळाला गुलाल लागतो, की लगेच परतीच्या गाडीची घाई. आणि गाडीत धाकट्याला मळमळतं म्हणून खिडकीही आपल्या वाट्याला येत नाही!

या डोंगराला पायी वळसा घालता येतो. श्रावणात इथे देवाची नगरप्रदक्षिणा निघते. टाळ-मृदंग घेऊन, पावसात भिजत, चिखल तुडवत भक्तमंडळी डोंगराभोवती फेरा घालतात, त्यात पुरा दिवस जातो. पायाला सवय नसेल तर तुम्ही मात्र श्रावणात जाऊ नका, वाटा निसरड्या असतात. कार्तिक ते पौष हा काळ उत्तम. रविवार टाळा, तो जोतिबाचा वार, गर्दी फार. सगळा फेरा पहिल्याच खेपेला झेपायचा नाही, त्याचा हट्टही नको. एका बाजूनं उतरायचं, पायथ्याच्या वाड्यावस्त्यांतून विचारत विचारत जायचं आणि दुसऱ्या पायवाटेनं पुन्हा देवळाशी यायचं. तेवढंही खूप झालं.

कोल्हापुरातून सकाळची पहिली गाडी धरा. अंतर 17-18 किलोमीटर. 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण घरी कोणी पुढे करू शकत नाही. डोंगर सुमारे 3,100 फूट उंच, गावाचं नाव वाडी रत्नागिरी. आजचं मुख्य देऊळ ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलं. दर्शन आधी उरकून घ्या, म्हणजे मन मागे राहत नाही. मग यमाईला हात जोडून गायमुखाच्या बाजूनं उतरायला लागा.

थोडं उतरलं की एकदम मोकळं वाटतं. गुडघाभर वाळलेलं गवत, मधून करवंदीच्या जाळ्या, आणि पश्चिमेला पन्हाळ्याची लांबच लांब तटबंदी. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेलेला हाच तो पन्हाळा. पण त्याला वेगळा दिवस ठेवा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला पंचगंगेचं. डोंगराच्या अंगाखांद्यावर कुशिरे, पोहाळे, गिरोली, दानेवाडी अशी गावं. गाडीतून जाताना ही नुसती पाटीवरची नावं असतात. पायी गेलं की त्या नावांना अंगणं फुटतात, कोंबड्या फुटतात, दारात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या दिसतात.

अशाच एका अंगणात एका म्हातारीनं आम्हां पाचजणींना थांबवलं.

"कुणीकडं निघालासा गं बायांनो? गाडी बंद पडली काय?"

"नाही आजी, चालायलाच आलोय."

तिनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "डोईवर काय न्हाई, काखंत प्वार न्हाई. मग चालतायसा कशापायी?"

आम्ही हसलो खऱ्या, पण उत्तर कोणालाच सुचलं नाही. तिचंही बरोबरच होतं. तिनं जन्मभर ही वाट तुडवली ती वैरणीचा भारा, पाण्याची घागर नाही तर सरपणाची मोळी घेऊन. मोकळ्या हातांनी ती फक्त श्रावणात, देवासाठी चालली होती. "आता सुना फटफटीवरनं जात्यात," ती म्हणाली, "वाट बुजाय लागली बगा." आणि खरोखरच पुढे दोन ठिकाणी वाट झुडपांत शिरून हरवली. एका गुराख्यानं ती पुन्हा दाखवली.

पोहाळ्याच्या बाजूला खडकात कोरलेली जुनी बौद्ध लेणी आहेत. आत छान गारवा असतो. जवळपास सावली बघून डबे उघडा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, फार तर दशम्या. पातळ भाजी मुळीच नको. पाणी माणशी दोन बाटल्या. साडीत चालता येतं, फक्त घोट्याच्या वर खोचा, आणि चपला नकोत, बूट हवेत. आपल्या बायकांची मुख्य अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. तिची सोय देवळाजवळच करून निघा. पुढे गावातल्या एखाद्या घरी विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. उगाच अडचण होईल म्हणून पाणीच न पिणं हा वेडेपणा करू नका.

पायथ्याला उतरलं की उसाचे फड लागतात, आणि नाकाला गुऱ्हाळाचा वास. इथे घाई करू नका हं! 100 किलो उसातून गूळ निघतो जेमतेम 10-12 किलो. चरकातला रस काहिलीत जातो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जळतात. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायचं. पाक कधी उतरवायचा हे गुळव्याला नुसतं बघून कळतं, जसं आपल्याला पुरणाचं. कोल्हापूरच्या गुळाची पेठ म्हणून शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली. 2014 साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आम्ही त्या गुळव्याला विचारलं, "तुमचा गूळ असा तांबूस का? दुकानात तर पिवळाधमक असतो."

तो म्हणाला, "ताई, ती हायड्रॉसची पावडर. रसात टाकली की रंग खुलतोय. आमी टाकत न्हाई, म्हणून आमचा माल पडून ऱ्हातोय. पिवळा मागतंय कोण? तुमीच की."

आमच्यातली प्रत्येकजण दुकानात पिवळा खडाच बोटानं दाखवते, त्यामुळे थोडा वेळ सगळ्या काहिलीकडेच बघत राहिलो. घरात गूळ कोणता यायचा हे शेवटी आपणच ठरवतो. तेव्हा तांबूस, चवीला किंचित खारट न लागणारा गूळ मागा. दुकानदार 'हलका माल' म्हणाला तरी तोच मागा. आसपासची काही गुऱ्हाळं बंदच झाली आहेत, मजूर मिळत नाहीत आणि ऊस कारखान्याला जातो. जी चालू आहेत ती अशा गिऱ्हाइकावर.

काकवी मिळाली तर डब्याची रिकामी बरणी भरून घ्या. गूळ मात्र माणशी एक किलोच्या वर घेऊ नका. परतीची गाडी वर देवळाशी आहे, चढ अजून उरलाय, आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते ते कंडक्टरला सकाळीच विचारून ठेवलेलं बरं.