घरच्या गिटारचा अ‍ॅम्प घेताना

चाळिशीनंतर मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला घेतली. दुकानदार २० वॅटचा अ‍ॅम्प गळ्यात मारत होता. मी बॅटरीवर चालणारा ५ वॅटचा आणला. वॅट दुप्पट झाले तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच वाढतो, त्यामुळे घरातल्या खोलीला छोटा अ‍ॅम्पही पुरून उरतो.

शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून त्याला हेडफोन लावला आणि तिथेच फसलो. तासाभराने उठलो तर कानात शिट्टी! रुग्णांना रोज सांगतो तेच स्वतः विसरलो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकलेला चालतो, ९० डेसिबल मात्र ४ तासच. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

तेव्हा दुकानात वॅट विचारत बसू नका. अगदी हळू आवाजातही सूर स्वच्छ येतो का, ते स्वतः वाजवून पाहा. कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

माझी सकाळपर्यंत थांबली. हेडफोन अजूनही लावतो, पण बायकोची हाक ऐकू येईल इतपतच आवाज ठेवून.