मंठा ते मनाली : हाताशी असलेली शिदोरी
(लेखांक पहिला)

मंठा, शुक्रवार

सकाळपासून वहिनी दशम्या थापते आहे. गूळ विरघळवलेल्या दुधात ज्वारीचं पीठ भिजवलंय, त्यात पाण्याचा थेंब नाही. भाकरीला तव्यावर वरून पाणी फिरवतात, दशमीला तेही नाही. कडेने तेल सोडायचं आणि मंद आचेवर भाजायची. थंडीच्या दिवसांत ती तीन-चार दिवस चांगली राहते. आजीच्या काळी पंढरीच्या वाटेवर हीच शिदोरी असायची.

परवा पहाटे आम्ही गाडीने मनालीला निघतोय. आई, दादा, वहिनी, भाचा आणि मी. आपल्याकडून उत्तरेला जाणाऱ्या बहुतेकांची थंडीची तयारी म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि ढाब्यांवरचा भरवसा. ढाबे आहेतच, पण गाडी ढाब्यापर्यंत पोचलीच नाही तर काय करायचं? 27 डिसेंबर 2024 रोजी मनालीजवळच्या सोलंग नाल्यात बर्फ पडला तेव्हा हजारभर गाड्या आणि पाच हजारांच्या आसपास पर्यटक अडकून पडले होते. कुल्लू पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. पण मदत पोचेपर्यंत गाडीत जे असेल त्यावरच भागवावं लागतं.

म्हणून शिदोरीचे दोन भाग केले. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा हे वाटेत खायचं. दुसरी पिशवी अडचणीची. तिला एरवी कुणी हात लावायचा नाही. तिच्यात काय भरायचं याला मी एकच कसोटी लावली : विस्तव, भांडं, गरम पाणी यांपैकी काहीही न लागता, अंधारात, बधिरलेल्या बोटांनी खाता आलं पाहिजे. त्यामुळे पाकिटातल्या शेवया बाद झाल्या. गुळाचे खडे, भाजके शेंगदाणे, फुटाणे, खजूर आणि तिळाचे लाडू राहिले. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्याच गुळात पावणेचारशेच्या आसपास. थंडीत अंग कुडकुडतं ते ऊब तयार करण्यासाठीच, आणि त्याला इंधन पोटातूनच मिळतं. आईच्या रक्तदाबाच्या चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्याही याच पिशवीत ठेवल्या.

पिशवी डिक्कीत जाणार होती. संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या. त्यांची कितीतरी वर्षं ऊसतोडीत गेली. आमच्या तालुक्यातल्या गावांतून, तांड्यांवरून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. ट्रकच्या हौद्यात नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर उघडं आभाळ, लेकरं मांडीवर, आणि अख्खी रात्र कोल्हापूर-सांगलीकडचा किंवा कर्नाटकातला रस्ता. हिवाळी प्रवासाची तयारी मराठवाड्यात खरी कुणाला कळत असेल तर या बायांना. मावशींनी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "ही कुठं ठिवणार?" डिक्कीत म्हटल्यावर त्यांनी मानच हलवली. "जिथं लेकरू निजतं तिथंच गाठोडं पायजे बाई. वाकळ आन् भाकर खाली दाबली की ती रातच्याला घावत नाही."

बर्फात डिक्कीचं झाकण गोठून बसतं किंवा दारच उघडता येत नाही. मावशींनी बर्फ पाहिलेला नाही, तरी त्यांनी सांगितलेली जागा अचूक आहे. पिशवी आता मधल्या सीटखाली, आईच्या पायांशी राहील.

मंठा, शनिवार

दादा गाडी घेऊन गॅरेजला गेला, मीही गेले. मिस्त्रींनी बॉनेट उघडून पहिला प्रश्न केला, "ताई, यात कूलंट आहे का साधं पाणी?" आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की हापशाचं पाणी ओतायची सवय आहे. शून्याखाली ते पाणी रेडिएटरमध्ये गोठतं आणि गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं. रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. सगळं पाणी काढून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरलं; हे मिश्रण उणे तीस अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. मिस्त्रींनी जुनं पाणी घमेल्यात काढलं तेव्हा ते गंजाने विटकरी झालं होतं. बॅटरीही तपासून घेतली, कारण थंडीत तिचा जोर घटतो आणि इंजिन मात्र जास्त जोर मागतं.

दुपारी बाजारातून दोन घोंगड्या आणल्या. घरात गोधड्या भरपूर आहेत, दोन घेतल्याही. पण कापूस ओला झाला की ऊब धरत नाही, उलट अंगातली ऊब शोषून घेतो. मेंढीची लोकर ओलसर झाली तरी काम देते. घोंगडी टोचते, म्हणून भाचा नाक मुरडत होता. आईने त्याला आत गोधडी आणि वर घोंगडी असं गुंडाळून दाखवलं. दोन्हींच्या मधली हवाच खरी ऊब राखते. प्रत्येकाचे सुती मोज्यांऐवजी घालायचे लोकरीचे मोजे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, म्हणजे कोरडे राहतील.

अडत दुकानातून रिकामा बारदाना मिळाला. चाक बर्फात नुसतं फिरायला लागलं तर त्याच्याखाली सुतळी पोतं घालायचं. घरातलं आखूड दांड्याचं फावडं घेतलं. टॉर्च, मेणबत्ती, काडेपेटी, शिटी, लाल कापडही घेतलं. शेगडी आणि कोळसा न्यावा असं दादाचं म्हणणं होतं. मी त्याला ठाम नकार दिला. कारण सविस्तर पुढे लिहिते.

इंदूर, रविवार

पहाटे निघून वाटूर, जालना, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, बऱ्हाणपूर. घाटात जरा थांबून धपाटे खाल्ले. बाकी दिवस नुसता रस्ता.

कोटा, सोमवार

लांबचा पल्ला, काही घडलं नाही. रात्री गारठा जाणवायला लागला.

अंबाल्याच्या अलीकडे, मंगळवार

रात्री साडेदहाला धुकं असं उतरलं की बॉनेटचं टोक दिसेना. पुढे कुठेतरी अपघात झालेला, रांग थांबली. दादाने गाडी कडेला पंपाच्या आवारात घेतली. बाहेर सहा अंश. भाचा म्हणाला, "आत्या, काचा लावून हीटर चालू ठेवून झोपू या ना."

तेव्हा त्याला मरीची गोष्ट सांगितली. इस्लामाबादजवळच्या या थंड हवेच्या गावी 7 आणि 8 जानेवारी 2022 च्या रात्री पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि किमान 22 माणसं गाड्यांमध्येच मेली, त्यांत लहान मुलंही होती. नुसत्या गारठ्यानेच गेले असं नाही. बर्फाने गाडीच्या मागचा धुराचा पाइप बुजतो, इंजिन मात्र हीटरसाठी चालूच असतं, आणि धूर आत शिरतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. थकलेल्या माणसाला वाटतं, झोप आली. शेगडीचा कोळसाही हाच वायू सोडतो, म्हणून ती मंठ्यातच ठेवली.

इथे बर्फ नव्हता, पाइप मोकळा होता. तरी दोन्ही बाजूंना ट्रक घरघरत उभे होते आणि पुढे डोंगरात लागणारी सवय इथेच लावून घ्यायची होती. इंजिन बंद केलं. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली. ओलसर मोजे काढून लोकरीचे घातले, आई आणि वहिनी एका घोंगडीत, भाचा आणि मी दुसरीत, दादा गोधडीत. प्रत्येकाला मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. भाच्याने दहा मिनिटांनी विचारलं, पाय कसे काय गरम झाले?

अडीच वाजता धुकं जरा विरळ झालं. आम्ही उजाडेपर्यंत हललो नाही. एवढ्या धुक्यात गाडी हाकणं हे थंडीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

मनाली, गुरुवार

कालचा मुक्काम बिलासपूरला, आज दुपारी मनालीत. डिझेल मुद्दाम डोंगरातल्या पंपावर भरलं. साध्या डिझेलमध्ये कडक थंडीत मेण धरतं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. रात्री इथे पारा शून्याखाली जातो, म्हणून पाण्याच्या बाटल्या काठोकाठ न भरता गाडीत उलट्या ठेवल्या. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी उशिरा गोठतं.

ताजा बर्फ पडला की सोलंगच्या वाटेवरच्या नेहरू कुंडाच्या पुढे फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात. कारण सरळ आहे. आपल्याकडच्या साध्या गाडीची दोनच चाकं ओढतात, ती बर्फाळ चढावर पकड न घेता जागीच फिरतात, आणि एक गाडी आडवी झाली की मागची सगळी रांग अडकते. अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाल्यापासून नऊ किलोमीटर पलीकडचा लाहौल हिवाळ्यातही जवळ आला आहे. पण बोगद्यापर्यंत जाणारा रस्ता अजून उघड्या आभाळाखालीच आहे. हवामान खात्याने उद्या दुपारनंतर बर्फाचा इशारा दिलाय.

आमचं ठरलं ते असं. आपली गाडी हॉटेलातच राहील. सकाळी आठला स्थानिक टॅक्सी, बर्फ दिसेल तिथे आईला उतरवायचं, आणि बारा वाजता, आभाळ कितीही स्वच्छ असलं तरी, माघारी. चार तासांसाठी पिशवी कशाला, असं टॅक्सीवाल्याचं म्हणणं पडलं. दादानेच त्याला सांगितलं की जागा कमी पडली तर कॅमेऱ्याची बॅग खोलीवर राहील. दोन्ही घोंगड्या, मोज्यांची पिशवी, फावडं आणि अडचणीची पिशवी आत्ताच खाली नेऊन त्याच्या मधल्या सीटखाली ठेवून आलोय. दशम्या संपल्या, उद्यासाठी हॉटेलवाल्याकडून आलूचे पराठे सांगितलेत.

(क्रमशः)