मोटारीने तारीख दिली नाही

वकिलाची मोटार पक्षकाराला धीर देणारी असावी, असा आमच्या व्यवसायातील संकेत आहे. आम्ही मात्र चाळिशी उलटल्यावर दोन दारांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड घेतली. ही काही शर्यतीची गाडी नव्हे. पण घराणे तेच. मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने आखलेली ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात निघाली. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनू लागली. तिचाच सांगाडा आखूड करून १९६२ साली स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार तयार झाली. धाकटी आवाक्याबाहेरची, म्हणून आम्ही थोरलीशी सोयरीक जुळवली.

सोयरिकीपूर्वी आम्ही रंग पाहिला नाही. गाडीखाली उताणे पडून सांगाडा हातोडीने ठोकून पाहिला. रंग पुन्हा देता येतो, गंजलेला सांगाडा मात्र खिसा रिकामा करतो. गाडी कोल्हापूरची, मुक्काम बेळगावचा. तेव्हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ खाली महाराष्ट्राचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि कलम ४७ खाली कर्नाटकाचा नवा क्रमांक, हे सोपस्कार आले. दोन राज्यांचे कागद जुळवण्याची सवय आम्हां सीमाभागातल्यांना असतेच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती नित्य वापरता येत नाही. शोभेच्या वस्तू घरात पुष्कळ आहेत. आम्ही साधीच नोंदणी पत्करली.

दुरुस्तीला ही गाडी मोठी उदार. बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटते आणि इंजिन तीन बाजूंनी मोकळे होते. पुढच्या चाकावर बसून पाना चालवावा. जो भाग बाजारात मिळत नाही, तो नमुना दाखवून उद्यमबागेतील लेथवर करून घ्यावा. सहा महिन्यांत आमच्या नखांतील काळेपणा न्यायालयातही दिसू लागला, आणि आम्हांस त्याचा अभिमान वाटू लागला. चूक तेथेच झाली.

ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. बेळगावचा पाऊस तर प्रसिद्धच. तेल दोन वर्षांनी बदलावे, हे आम्हांस ठाऊक होते. पण दिवाळीनंतर पाहू, मग सुटीत पाहू, असे आम्ही त्यास तारखांवर तारखा देत राहिलो.

एका रविवारी निपाणीस विवाहाला निघालो. शेजारी बारा वर्षांचा चिरंजीव. तवंदी घाटाच्या उतारावर पुढे एक अवजड ट्रक. आम्ही गिअर न उतरवता पाय ब्रेकवरच ठेवला. तापलेल्या तेलातल्या पाण्याची वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. पायाखालचे पेडल ओल्या मातीत रुतावे तसे खाली गेले. हँडब्रेक स्वतंत्र तारेवर चालतो. तो हळूहळू ओढीत, गिअर खाली आणीत, गाडी कडेला लावली. ट्रक हातभर अंतरावरून निसटला.

"बाबा, काय बिघडलं?" त्याने विचारले.

वीस वर्षे आम्ही दोष दुसऱ्या पक्षावर ढकलण्याचे काम करीत आलो. पूर्वीचा मालक, जुना काळ, घाट, ट्रक असे चार प्रतिवादी क्षणात डोळ्यांपुढे उभे राहिले. पण गाडी आम्ही स्वतः दुरुस्त करीत होतो. मिस्त्रीही आम्हीच, आरोपीही आम्हीच. "माझं चुकलं," आम्ही म्हणालो. हे वाक्य उच्चारण्याचा आम्हांस सराव नव्हता.

निपाणीस फक्त अक्षता पोहोचल्या नाहीत. आम्ही गाडी ओढून घरी आणली. दुसऱ्या रविवारी चाकांतले रबरी भाग आणि सारे तेल बदलले. या कामाला दोन माणसे लागतात: एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यायचे. आम्ही गाडीखाली, चिरंजीव आसनावर.

"दाब. धरून ठेव. आता सोड."

तासाभराने पेडल दगडासारखे घट्ट झाले. तरीही आसनावरून आज्ञा आली, "बाबा, आणखी एकदा पाहू." आम्ही मुकाट्याने पाना पुन्हा हाती घेतला.