चारशे छत्तीस रुपये

२६ मे, सोमवार
पीककर्ज नवं-जुनं करायची गर्दी. त्यात जीवनज्योती विम्याचे हप्ते कापले गेले. दुपारपर्यंत काउंटरवर एकच प्रश्न. "माहे ४३६ रुपये कावून कटले?"
नवे साहेब आंध्रातले. हिंदीत सांगतात, "अम्मा, इन्शुरन्स है. ऑटो डेबिट." आवाज मुळातच चढा, बोलणं भरभर. माणसं बिचकतात. सायब रागावले समजून पासबुक पिशवीत टाकतात, निघतात.

२७ मे
या विम्याची नोंद पासबुकावर उमटते 'पीएमजेजेबीवाय' अशी, तीही इंग्रजी अक्षरांत. फॉर्म, स्लिपा, पासबुकं मराठी-हिंदी-इंग्रजीत हवीत, असं रिझर्व्ह बँकेनं केव्हाच बजावलंय. आमच्याकडे पासबुकाचं कव्हर तीन भाषांत. आतली नोंद इंग्रजीत.

२९ मे
एक काकू विमा बंद करायचा अर्ज घेऊन आल्या. बाकावर शेजारी बसून सांगितलं, "मानूस गेलं तं घरच्याईले दोन लाख भेटते. वर्षातून एकदाच कटते." त्यांनी अर्ज फाडला. "मंग असं सांगा ना बाप्पा!"

३० मे
क्लार्कच्या भरतीत स्थानिक भाषा यावीच लागते. साहेबांच्या भरतीत ती अट नव्हती. रुजू झाले त्या दिवशी किल्ल्या मिळाल्या, पासवर्ड मिळाला. भाषा कुणी दिली नाही.

१ जून
रविवार. आभाळ भरून आलेलं. पाऊस नाही.

३ जून
साहेबांनी वही केलीय. तेलुगू लिपीत वऱ्हाडी. डबा खाताना विचारतात, लिहून घेतात. आवाज थोडा खाली आणा म्हटलं. वाईट वाटून घेतलं नाही.

९ जून
एक बाई, सोबत शाळकरी मुलगा. नवरा एप्रिलात गेला, हार्ट अटॅक. खात्यात उरलेले पैसे काढून खातं बंद करायचं म्हणाली.
साहेबांनी पासबुक मागे चाळलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. हळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ताई, हे ४३६... विमा हाय. दोन लाख भेटते." हेल तेलुगूच. बाईला समजलं. तरी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
"आमाले कोनं सांगतलंच नाही जी."
दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं पासबुक. मुलानं यादी वहीत उतरवली.

९ जून, रात्री
झोप नाही. खातं बंद करून ती गेली असती, तर दोन लाखांचा पत्ताही लागला नसता. अशी किती घरं असतील?

११ जून
वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. साहेबांनीही सही केली. मागण्या दोनच. पासबुकातली नोंद मराठीत छापा. परराज्यातून येणाऱ्या अधिकाऱ्याला खुर्चीत बसवण्याआधी महिनाभर इथली बोली शिकवा. ज्याच्या खात्यातून पैसे कटतात, त्याला ते कशापायी कटले हे त्याच्या भाषेत सांगणं बँकेचं कामच आहे. उपकार नव्हेत.